इंग्लंडच्या दरबारातले मास्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या इंग्रजी संगीताबद्दल लिहायला लागल्यापासून मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते मास्कबद्दल. बरेचसे पुन्हा पुन्हा तेच असतात, म्हणून उत्तरं एके ठिकाणी आणली आहेत. क्रमानेच वाचायला हवं असं नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मास्क म्हणजे तोंडाला लावतात तोच ना? त्याचा नाटकाशी आणि संगीताशी काय संबंध?

शब्दाचं मूळ तेच आहे, आणि मराठीत दोन्ही सारखेच लिहिले जातात म्हणून गोंधळ होतो. या पानावर तोंडावरच्या वस्तूला मी मुखवटा म्हणतो आणि कलाप्रकाराला मास्क.

नाताळच्या दिवसांत, लग्नात किंवा परदेशी राजदूत आले की इंग्लंडच्या दरबारात रात्री हा सोहळा व्हायचा. वेष पालटून, मुखवटे घालून उमराव किंवा सरदारघराण्यातल्या स्त्रिया वाजतगाजत दालनात येत, बसवलेले नाच नाचत आणि मग बघणाऱ्यांनाच हात धरून नाचायला उठवत. त्यांच्या येण्याला निमित्त हवं म्हणून कवी एक कथा रचायचा, संगीतकार गाणी बांधायचे, चित्रकार देखावा उभा करायचा. १५१२ साली ६ जानेवारीच्या रात्री राजा आठवा हेन्री स्वतः अकरा जणांसह असा वेष घेऊन आला होता. ही इटलीची रीत इंग्लंडमध्ये त्याआधी कुणी पाहिली नव्हती, असं बखरकार एडवर्ड हॉल सांगतो. पण आज ज्यांच्या संहिता आपण वाचतो ते बहुतेक मास्क १६०४ ते १६४० या काळातले आहेत, म्हणजे राजा पहिला जेम्स आणि त्याचा मुलगा पहिला चार्ल्स यांच्या राजवटीतले.

२. एका रात्रीत नेमकं काय काय व्हायचं?

आधी प्रस्तावनेसारखं एखादं भाषण किंवा गाणं. मग अँटिमास्क, म्हणजे विद्रूप, वेड्यावाकड्या पात्रांचा धिंगाणा (प्रश्न ५). मग एकाएकी देखावा बदलायचा, धिंगाणा नाहीसा व्हायचा आणि ढगात, शिंपल्यात किंवा मंदिरात बसलेले मुख्य नर्तक दिसायचे. ते खाली उतरून दोन-तीन खास बसवलेले नाच करायचे. यानंतर रेव्हल्स: नर्तक प्रेक्षकांतून जोडीदार निवडायचे आणि संथ मेझर, उड्यांचा गॅलियार्ड, धावता कुरांत असे नाच तासन्‌तास चालायचे. शेवटी एक गाणं, एक निरोपाचा नाच, आणि मेजवानी.

६ जानेवारी १६१८च्या रात्रीचं डोळ्यांदेखतचं वर्णन व्हेनिसच्या वकिलातीतल्या ओरात्झियो बुसिनो या धर्मगुरूने लिहून ठेवलं आहे. युवराज चार्ल्स त्या दिवशी पहिल्यांदाच मुख्य नर्तक म्हणून उतरला होता. रेव्हल्स बराच वेळ चालले आणि नर्तक दमून ढिले पडायला लागले, तेव्हा राजा जेम्स भडकून ओरडला: नाचत का नाहीत हे, मला इथे कशाला आणलंय, सैतान नेवो तुम्हा सगळ्यांना, नाचा! त्याबरोबर त्याचा लाडका बकिंगहॅम पुढे झाला आणि त्याने एकामागून एक अशा उंच, हलक्या उड्या घेतल्या की राजाचा राग पार उतरला. पुढे मेजवानीच्या टेबलावर पाहुण्यांची अशी झुंबड उडाली की टेबलच आडवं झालं, काचेची तबकं फुटली. बुसिनोला तो आवाज उन्हाळ्यातल्या गारपिटीसारखा वाटला. हे सगळं आटोपलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते.

त्या मास्कची संहिता कवी बेन जॉन्सनची, आणि ती सुंदर आहे. पण राजाने कविता मागितली नाही, नाच मागितला. मास्क समजून घेताना ही गोष्ट मी कधी नजरेआड होऊ देत नाही.

३. मग याला नाटक म्हणायचं की ऑपेरा? आपल्या संगीत नाटकासारखं काही आहे का?

तिन्ही नाही. नाटक पुन्हा पुन्हा होण्यासाठी लिहिलेलं असतं, मास्क एका ठरावीक रात्रीसाठी, ठरावीक माणसांसाठी. तोच मास्क पुन्हा झाला तर ती अपवादाची गोष्ट (प्रश्न ४ आणि ९). ऑपेरात गोष्ट गाऊन पुढे सरकते. मास्कमध्ये बोलणं, गाणं आणि नाच आळीपाळीने येतात आणि सगळा भार नाचावर असतो. संगीत नाटकात नायक स्वतः पद म्हणतो. इथे सगळ्यात मोठ्या माणसाच्या तोंडी एक शब्दही नसतो. प्रेक्षक आणि नट यांच्यातली रेघ रेव्हल्समध्ये पुसली जाते, हा मला सगळ्यात मोठा फरक वाटतो.

४. राजा-राणी स्वतः बोलायचे, गायचे का?

सहसा नाही. बोलणं-गाणं हे पोटासाठी काम करणाऱ्या नटांचं आणि गायकांचं. राजघराण्यातल्या माणसाने ते करणं कमीपणाचं मानलं जाई. नाच मात्र कुलीन शिक्षणाचाच भाग होता. म्हणून जेम्सची राणी ॲन, थोरला युवराज हेन्री आणि पुढे चार्ल्स व त्याची राणी हेन्रिएटा मारिया मास्कमध्ये नाचले, पण गप्प राहून. राजा जेम्स तर नाचायचाही नाही, तो समोर बसून पाहायचा.

अपवाद आहेत. १६२१च्या ऑगस्टमध्ये बकिंगहॅमच्या बर्ली इथल्या घरी राजासमोर जिप्सींचा मास्क झाला. त्यात बकिंगहॅम जिप्सींचा म्होरक्या झाला आणि दरबाऱ्यांचे हात पाहून भविष्य सांगत चक्क बोलला. तो राजाला इतका आवडला की आणखी दोन ठिकाणी पुन्हा झाला. दुसऱ्या मोठ्या अपवादासाठी प्रश्न १२ पाहा.

५. अँटिमास्क कुणाच्या डोक्यातून आला?

जॉन्सनच्या म्हणण्याप्रमाणे राणी ॲनच्या. २ फेब्रुवारी १६०९च्या 'द मास्क ऑफ क्वीन्स'च्या छापील प्रतीत तो लिहितो की मुख्य नाचाच्या आधी त्याच्या उलट असा एखादा खोटा मास्क असावा, अशी आज्ञा राणीनेच केली होती. त्याने बारा चेटकिणी आणल्या. पेटलेल्या नरकासमोर त्या उलट्या दिशेने, पाठीला पाठ लावून नाचल्या. मग सगळी वाद्यं एका झटक्यात कडाडली, चेटकिणी आणि नरक दोन्ही गायब झाले, आणि कीर्तीच्या मंदिरात राणी ॲनसह बारा राण्या बसलेल्या दिसल्या.

अँटिमास्क व्यावसायिक नट करायचे, म्हणून त्यात मोकळीक होती. काही वर्षांत तोच भाग लोकांना जास्त आवडायला लागला. चार्ल्सच्या काळात तर एकेका मास्कमध्ये अँटिमास्कचे डझनावारी प्रवेश आहेत.

६. इतक्या वर्षांपूर्वी देखावा डोळ्यांदेखत कसा बदलायचा?

इनिगो जोन्स या वास्तुकार-चित्रकारामुळे. इटलीत पाहिलेलं रंगतंत्र त्याने इंग्लंडच्या दरबारात आणलं: चौकट असलेला मंच, मागे खोली भासवणारा चित्रित देखावा, खोबणीतून सरकणारे रंगवलेले पडदे, गरकन फिरणारे खडक, दोरांवर तरंगणारे ढग. दिव्यांसमोर रंगीत पाण्याने भरलेल्या काचा ठेवून प्रकाश रंगवायचे. देखावा बदलताना मुद्दाम जोरदार वादन असायचं, कारण चाकांचा करकराट झाकायचा असे.

हा चित्रित देखावा एकाच जागेवरून पूर्ण खरा दिसायचा. ती जागा म्हणजे राजाची खुर्ची. बाकीच्यांना त्याचं मोडकं रूप दिसे, आणि कोण राजाच्या किती जवळ बसलंय ते मात्र स्पष्ट दिसे. रंगांचाही विचार होता: मेणबत्तीच्या उजेडात पांढरा, फिकट लाल आणि समुद्राच्या पाण्यासारखा हिरवा सगळ्यात खुलून दिसतो, असं फ्रान्सिस बेकनने लिहून ठेवलं आहे.

यंत्रं फसायचीही. ६ जानेवारी १६०७ला लॉर्ड हे (Hay) नावाच्या उमरावाच्या लग्नात नऊ नर्तक नऊ सोनेरी झाडांत लपले होते आणि झाडं जमिनीत उतरायची होती. ती उतरताना गडबड झाली. कवी थॉमस कॅम्पियनने छापील प्रतीत रंगाऱ्याच्या हलगर्जीपणाला किंवा कटाला बोल लावला आहे. चारशे वर्षांनंतरही त्याचा तो चरफडाट वाचताना जाणवतो.

७. जॉन्सन आणि जोन्स यांचं भांडण कशावरून झालं?

मास्कचा आत्मा कोणता, शब्द की देखावा, यावरून. दोघांनी १६०५पासून पंचवीसेक वर्षं एकत्र काम केलं. जॉन्सनच्या मते देखावा हा देह, रात्र संपली की संपणारा, आणि कविता हा आत्मा. १६३१ साली एका मास्कच्या मुखपृष्ठावर त्याने स्वतःचं नाव आधी घातलं आणि जोन्स चिडला. जॉन्सनने त्याच्यावर जहरी कविता लिहिली: सुतारकाम आणि रंगकाम हाच म्हणे आता मास्कचा आत्मा. दरबाराने जोन्सची बाजू घेतली. जॉन्सनला पुन्हा दरबारी मास्क मिळाला नाही.

माझं मत विचाराल तर दोघेही चुकले. दोघांनाही नाच दिसला नाही.

८. संगीत कसं होतं? आज ऐकायला मिळतं का?

मिळतं, पण तुकड्यांत. संगीतकार अल्फोन्सो फेराबॉस्कोने जॉन्सनच्या मास्कमधली गाणी १६०९ साली छापली: एक आवाज, खाली ल्यूट (वीणेसारखं तारांचं वाद्य) आणि खर्जाचं व्हायोल (गजाने वाजवायचं वाद्य). नाचांच्या चाली ब्रिटिश लायब्ररीतल्या एका हस्तलिखितात सापडतात, पण फक्त वरची ओळ आणि खालचा खर्ज. मधले सूर वादकांना नव्याने रचावे लागतात, त्यामुळे एकाच नाचाची दोन ध्वनिमुद्रणं वेगळी वाटली तर दचकू नका. चार्ल्सच्या काळातल्या संगीतकार विल्यम लॉजच्या स्वहस्ते लिहिलेल्या काही रचना ऑक्सफर्डला आहेत.

प्रत्यक्षात नाद किती मोठा असेल ते कॅम्पियनमुळे कळतं. लॉर्ड हे याच्या लग्नात एका बाजूला दहा वादक (ल्यूट, बँडोरा, सॅकबट, हार्प्सिकॉर्ड, दोन व्हायोलिन), दुसऱ्या बाजूला नऊ व्हायोलिन आणि तीन ल्यूट, आणि समोर उंचावर सहा कॉर्नेट आणि राजाच्या चॅपलचे (प्रार्थनामंदिराचे) सहा गायक होते. कॉर्नेटचा आवाज भेदक, म्हणून ते उंचावर बसवले. म्हणजे गाणं तीन दिशांनी येऊन अंगावर कोसळत असणार. घरी दोन स्पीकरवर ते ऐकताना काय हरवतं याची मला नेहमी हळहळ वाटते.

९. खर्च किती यायचा? कवीला काय मिळायचं?

१६०५च्या 'द मास्क ऑफ ब्लॅकनेस'ला सुमारे ३,००० पौंड लागले. त्या काळी दरबारात नाटक केलं की शेक्सपिअरच्या मंडळीला एका प्रयोगाचे साधारण १० पौंड मिळायचे.

१६११च्या राणीच्या एका मास्कचा हिशेब शिल्लक आहे. जॉन्सनला ४० पौंड, जोन्सला ४०, गाणी करणाऱ्या फेराबॉस्कोला २०, ल्यूटसाठी ती बसवणाऱ्या रॉबर्ट जॉन्सनला ५. आणि सगळे नाच शिकवणाऱ्या कन्फेस नावाच्या नृत्यशिक्षकाला ५०. कवीपेक्षा दहा पौंड जास्त! मास्कमध्ये मुख्य काय, या प्रश्नाचं दरबाराने दिलेलं उत्तर त्या वहीत आहे.

सगळ्यात महाग ठरला तो ३ फेब्रुवारी १६३४चा 'द ट्रायम्फ ऑफ पीस'. लंडनच्या चार वकिली संस्थांनी मिळून तो राजाला भेट दिला आणि २१,००० पौंडांच्या आसपास खर्च केला. होबर्नपासून व्हाइटहॉल राजवाड्यापर्यंत मशालींच्या उजेडात मिरवणूक निघाली होती. राजा-राणीला ती इतकी आवडली की दहा दिवसांनी शहरात मर्चंट टेलर्सच्या सभागृहात मास्क पुन्हा झाला.

१०. राणीने तोंडाला काळं फासलं होतं हे खरं का?

खरं आहे. ६ जानेवारी १६०५ला व्हाइटहॉलमध्ये राणी ॲन आणि तिच्या अकरा सख्या नायजर नदीच्या मुली झाल्या. मुखवट्यांऐवजी चेहरा आणि कोपरापर्यंत हात काळ्या रंगाने रंगवले होते. राणी तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. पत्रलेखक डडली कार्लटनला तो वेष किळसवाणा वाटला. स्पेनच्या राजदूताने राणीच्या हाताचं चुंबन घेतलं, ओठांना रंग लागायची भीती असूनही, असंही त्याने लिहिलं आहे.

कथेत या मुली आपला वर्ण उजळ करणाऱ्या सूर्याच्या शोधात ब्रिटनला येतात. सूर्य म्हणजे जेम्स. मात्र रंग झटपट निघणारा नव्हता, त्यामुळे त्या रात्री त्या गोऱ्या झाल्याच नाहीत. ते पुढच्या भागात, १६०८च्या जानेवारीत घडलं. मजा म्हणजे पहिल्या भागात नायजर आपल्या मुलींच्या काळेपणाचं सौंदर्य पोटतिडकीने सांगतो, आणि मला त्या ओळी शेवटापेक्षा जास्त खऱ्या वाटतात. पण कथेचा कल स्पष्ट आहे: गोरेपण ही राजाची देणगी. इंग्लंड समुद्रापार व्यापाराला आणि वसाहतींना निघालं होतं त्या वर्षांतली ही कथा आहे. संगीत सुंदर आहे म्हणून हे सांगायचं टाळू नये.

११. मास्कमध्ये भारत कुठे येतो का?

येतो, आणि फार विचित्र रूपात. १६३५च्या फेब्रुवारीत झालेल्या कवी विल्यम डेव्हनंटच्या 'द टेम्पल ऑफ लव्ह'मध्ये हेन्रिएटा मारिया इंदामोरा झाली होती, नरसिंगाची राणी. नरसिंगा म्हणजे विजयनगर. साळुव नरसिंह राजाच्या नावावरून पोर्तुगीज त्या राज्याला असं म्हणत. आपण जिला राक्षसतागडीची लढाई म्हणतो ती १५६५ साली झाली आणि राजधानी धुळीला मिळाली. म्हणजे लंडनमध्ये ही राणी नाचली तेव्हा विजयनगर शहर पडून सत्तर वर्षं झाली होती.

जोन्सने मंचाच्या चौकटीवर एका बाजूला पांढुरक्या हत्तीवर बसलेला पिसांच्या शिरोभूषणाचा हिंदी माणूस रंगवला, दुसऱ्या बाजूला उंटावरचा फेटेवाला. कथेचा भारताशी काही संबंध नाही. विषय आहे निर्मळ प्रेमाचा, राणीच्या आवडीचा. 'भारत' हे फक्त दूरच्या, श्रीमंत, सुगंधी प्रदेशाचं नाव आहे.

१२. मिल्टनचं 'कोमस' मास्क आहे की नाही?

आहे, पण दरबारातलं नाही. मुळात त्याचं नाव 'लडलो किल्ल्यात सादर केलेला मास्क' असंच होतं. 'कोमस' हे नाव मागाहून चिकटलं. २९ सप्टेंबर १६३४ला वेल्सच्या सीमेवर, अर्ल ऑफ ब्रिजवॉटरच्या सन्मानार्थ तो झाला. अर्लची पंधरा वर्षांची मुलगी ॲलिस आणि तिचे दोन धाकटे भाऊ त्यात बोलले, ॲलिस तर गायलीही. प्रश्न ४ मधल्या नियमाला हा मोठा अपवाद. संगीत हेन्री लॉजचं होतं, तो या मुलांचा संगीतशिक्षक. यात शब्द फार आणि नाच थोडा, म्हणून आज वाचायला हाच सगळ्यात सोपा जातो. तेवढ्यासाठीच याच्यावरून बाकीच्या मास्कचा अंदाज बांधू नका.

१३. तेव्हा तर स्त्रियांच्या भूमिका मुलगे करायचे. मग स्त्रिया कशा चालल्या?

सार्वजनिक नाट्यगृहात मुलगे, हे बरोबर. पण दरबारात स्त्रिया नाचायच्या, आणि १६३२च्या 'टेम्पे रिस्टोअर्ड'मध्ये मादाम कोनियॅक आणि मिस्ट्रेस शेपर्ड या दोघी गायल्या. विल्यम प्रिन नावाच्या कडव्या वकिलाने नाटकांविरुद्धच्या आपल्या जाडजूड ग्रंथात स्त्री नटांना वेश्या म्हटलं. राणी त्याच सुमाराला एका नाटकाची तालीम करत होती, त्यामुळे तो तिचा अपमान ठरला. १६३४ साली प्रिनचे कान कापण्यात आले. प्रश्न ९ मधला प्रचंड मास्क वकिलांनी केला त्यामागे, आम्ही प्रिनच्या बाजूचे नाही, हे दाखवणंही होतं.

१४. हे सगळं राजाची खुशामतच ना?

बरीचशी होय. पण त्याच वकिलांच्या मास्कमध्ये (प्रश्न ९) एक अँटिमास्क मक्तेदारीचे परवाने मागणाऱ्या फसव्या योजनाकारांवर होता: डोक्यावर गाजरं घेतलेला, कोंबड्या पुष्ट करण्याच्या शोधाचा मक्ता मागणारा माणूस. राजा असे परवाने खरोखर विकत होता. आयोजकांपैकी एक बुलस्ट्रोड व्हाइटलॉक सांगतो की राजाला आडून हे कळावं असाच हेतू होता. तोंडावर बोलता येत नव्हतं ते नाचून सांगितलं.

१५. एकाच मास्कचं साल दोन पुस्तकांत वेगळं का?

तेव्हा इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. बहुतेक मास्क जानेवारी-फेब्रुवारीतले, म्हणून जुन्या पद्धतीने ते आदल्या वर्षात पडतात. शेवटच्या दरबारी मास्कच्या मुखपृष्ठावर २१ जानेवारी १६३९ आहे. आपल्या हिशेबाने ते १६४०.

१६. मास्क बंद का पडले?

राजाच गेला म्हणून. १६४०च्या 'सालमासिडा स्पोलिया'त वादळ आणि कलहाची राक्षसी येते आणि चार्ल्स प्रजेवर प्रेम करणारा सहनशील राजा होऊन ते शमवतो. दोन वर्षांत खरं यादवी युद्ध पेटलं. हा मास्क झाला तो लाकडी दालनात. शेजारच्या बँक्वेटिंग हाउसच्या छतावर १६३६ साली रुबेन्सची चित्रं बसवली होती, ती दिव्यांच्या धुराने काळवंडू नयेत म्हणून मास्क तिथून हलवले होते. ३० जानेवारी १६४९ला चार्ल्स त्याच छताखालून चालत गेला आणि खिडकीतून बाहेर वधमंचावर उतरला.

प्रकार पुरता मेला नाही. १६५३ साली, राजा नसताना, पोर्तुगालच्या राजदूतासाठी 'क्युपिड अँड डेथ' झाला. त्याचं मॅथ्यू लॉक आणि ख्रिस्तोफर गिबन्स यांचं संगीत जवळपास सगळं उपलब्ध आहे.

१७. सुरुवात कुठून करू?

'द मास्क ऑफ क्वीन्स' घ्या, आणि इनिगो जोन्सची रेखाटनं शेजारी ठेवा. चॅट्सवर्थच्या संग्रहात ती शेकड्यांनी आहेत आणि पुस्तकांतून छापली गेली आहेत. संहिता अर्ध्या तासात वाचून होते आणि लोक म्हणतात, एवढंच? तसं करू नका. 'इथे ते नाचले' अशी सूचना आली की पुस्तक खाली ठेवा आणि त्या काळातला एखादा गॅलियार्ड लावा. चार ठोके पायाने मोजा, पाचव्यावर उडी असते आणि सहाव्यावर पाय टेकतात. तो संपला की पुढची ओळ वाचा.